अ‍ॅबोरिजिनल बालकांची विज्ञानसमज : संशोधनपद्धती

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल म्हणजे मूळ रहिवासी समाजांमधील लहान मुले ऋतू, प्राणी, पाणी, आकाश यांचा अर्थ कसा लावतात, हे त्या समाजाच्या संमतीने आणि त्याच्या बोलण्याच्या रीती सांभाळून अभ्यासण्याची पद्धत.

१९६०च्या दशकात मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग येथे मुलांना प्याजे या बालमानसशास्त्रज्ञाच्या धर्तीच्या चाचण्या देण्यात आल्या. रुंद पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले तर ते तेवढेच राहते का, अशा प्रश्नांवरून मुले ‘मागे’ असल्याचे निष्कर्ष निघाले. त्या निष्कर्षांना मोठा धक्का दिला मानसशास्त्रज्ञ जुडिथ कीरिन्स यांनी. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात मांडलेल्या वस्तूंच्या जागा लक्षात ठेवून त्या पुन्हा तशाच लावायच्या होत्या. वाळवंटी भागातील अ‍ॅबोरिजिनल मुले यात गोऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. गोरी मुले वस्तूंची नावे पुटपुटत, ही मुले मात्र निश्चल बसून नुसती पाहत. २००८ मध्ये ब्रायन बटरवर्थ आणि सहकाऱ्यांनी वार्लपिरी व अनिंदिल्याक्वा भाषक मुलांचा अभ्यास केला. या भाषांत संख्यावाचक शब्द मोजकेच आहेत. तरीही काठ्यांच्या ठोक्यांइतक्या सोंगट्या मांडण्यासारख्या कामांत ही चार ते सात वर्षांची मुले मेलबर्नच्या इंग्रजीभाषक मुलांपेक्षा कमी पडली नाहीत.

खरी अडचण प्रश्न विचारण्यातच आहे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असताना विचारलेला प्रश्न शाळेबाहेर विचित्रच वाटतो. (तो आपल्याकडच्या पोरांनाही वाटत असणार.) थेट सवालांपेक्षा आपल्याजवळची माहिती आधी सांगून समोरच्याला बोलू देण्याची रीत, लांब शांततेला असलेला मान आणि वाद टाळण्यासाठी दिलेला नुसता ‘हो’, हे सारे भाषाशास्त्रज्ञ डायना ईड्स यांनी क्वीन्सलंडमध्ये नोंदवले आहे. शिवाय काही ज्ञान सांगण्याचा अधिकार ठरावीक व्यक्तींनाच असतो. त्यामुळे मूल गप्प राहिले म्हणजे त्याला माहीत नाही, असे धरता येत नाही.

म्हणून आता मुलाखतीऐवजी ‘यार्निंग’ म्हणजे ऐसपैस गप्पा, घरच्या मोठ्यांची सोबत आणि जमिनीवरची प्रत्यक्ष भटकंती यांवर भर असतो. पर्थच्या परिसरातील नुंगार लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. तिथल्या मुलाला चार ऋतू विचारणे हाच सदोष प्रश्न होय. कामिलारोई लोकांना आकाशगंगेच्या काळ्या पट्ट्यांत एमू दिसतो आणि त्याच्या स्थितीवरून एमूच्या अंड्यांचा हंगाम कळतो. हे निरीक्षण ‘दंतकथा’ या रकान्यात टाकले की मुलाची अर्धी समज नोंदीबाहेरच राहते.

एआयएटीएसआयएस या, मूळ रहिवाशांच्या अभ्यासासाठीच्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संस्थेची २०२०ची आचारसंहिता संशोधनात समाजाचे नेतृत्व आणि माहितीवरील त्याचा हक्क मान्य करते. मृत व्यक्तीचे नाव किंवा चित्र टाळण्याचा प्रघात अनेक समाजांत असल्याने मुलांच्या चित्रफिती कुठे ठेवायच्या, कोणाला दाखवायच्या हेही आधीच ठरवावे लागते. या कामाला वेळ फार लागतो, नमुने लहान राहतात आणि एका समाजाचे निष्कर्ष दुसऱ्याला सहसा लावता येत नाहीत.