मळ की काळेपणा? चांदीचा जुना रुपया धुण्याआधी

लक्ष्मीपूजन जवळ आलं की पुण्यात घरोघरी देव्हाऱ्यातले चांदीचे रुपये बाहेर निघतात आणि टूथपेस्ट, चिंच नाहीतर रांगोळी लावून लख्ख घासले जातात. लक्ष्मी रोडवर सराफाकडून घेतलेलं लक्ष्मी-गणपतीचं नाणं असेल तर खुशाल घासा, त्याची किंमत वजनावरच ठरते. पण राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा रुपया किंवा पेशवाईतला अंकुशी रुपया हाती असेल, तर आधी एवढं बघा: त्यावर दिसतोय तो मळ आहे की काळेपणा?

मळ वरून येऊन बसलेला असतो. माती, तेल, हळदकुंकू, बोटांचा चिकटपणा. भिंगातून पाहिलं तर अक्षरांच्या खाचांत त्याचे ढेकूळ दिसतात, त्याला जाडी असते. काळेपणा बाहेरून चिकटत नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीच्याच वरच्या थराचं सिल्व्हर सल्फाइड होतं. हा थर अतिशय पातळ. नाणं उजेडात तिरकं धरलं की पिवळसर, तांबूस, निळसर छटा दिसतात आणि खालची मूळ चमक डोकावते. म्हणजे काळेपणा घासून काढणं म्हणजे नाण्याची चांदीच घासणं. व्हिक्टोरियाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी; दरवर्षीच्या घासण्याने वजनात फारसा फरक जाणवणार नाही, पण राणीच्या केसांच्या बारीक रेघा पहिल्यांदा जातात. संग्राहक अशा छटांना ‘टोनिंग’ म्हणतात आणि छान असल्या तर जास्त पैसेही मोजतात.

मळ काढायला डिस्टिल्ड वॉटर पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतात, ते टाळा. काचेच्या वाटीत नाणं बुडवून ठेवा, पाणी गढूळ झालं की बदला, आणि मऊ झालेला मळ आपोआप सुटू द्या. घाई नको. तेलकट डाग किंवा जुन्या प्लॅस्टिक अल्बममुळे आलेला हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो. अ‍ॅसिटोन चटकन पेटतं, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि गॅस, समई, उदबत्ती सगळं लांब. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून सुती कापडावर ठेवा आणि वरून नुसतं टिपा. पुसायचं नाही: उरलेला एखादा वाळूचा कण चांदीवर केसासारखे ओरखडे पाडतो.

काळेपणासाठी अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खायच्या सोड्याचा उपाय हमखास सुचवला जातो. त्याने सल्फाइडची परत चांदी होते हे खरं, पण नाणं मुर्दाड पांढरं दिसतं आणि जाणकाराला ते लगेच कळतं. चांदीच्या ताटवाटीला हा उपाय उत्तम, जुन्या नाण्याला नको. काळेपणा सारखा आणि शांत असेल तर तसाच राहू द्या. हिरवे टणक डाग असतील तर टाचणीने कोरू नका, जाणकार संग्राहकाला दाखवा.