कडीवरचा पत्ता मुंबईचा

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत उन्हाच्या काहिलीनं माणसं हैराण झालेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, दाटी असते. भरती-ओहोटीची वेळ पाहून ऐरोलीच्या जेट्टीवरून बोट सुटते. तिवरांची भिंत मागे पडते आणि उघड्या चिखलावर एक गुलाबी पट्टा हलताना दिसू लागतो. बोटीतली लहान मुलं विचारतात, हे इतके आले कुठून? मोठ्यांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. पहिला पाऊस पडायच्या बेतात हे सगळे जातात कुठं?

दुर्बिणीनं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. आज पक्षी इथं आहे, एवढंच तिच्यातून कळतं. कालचा आणि उद्याचा पक्षी ओळखायचा तर त्याच्या अंगावर खूण हवी. ही खूण म्हणजे पायातली कडी. भारतात जवळपास शंभर वर्षं या कडीवर मुंबईचा पत्ता कोरला जातो आहे, आणि तरीही मुंबईच्या खाडीतल्या रोहितांची वाट नकाशावर टिपायला २०२२ साल उजाडलं. मला हा उशीर फार बोचतो.

कडीची कल्पना डेन्मार्कमधल्या एका शाळामास्तरांची. हान्स मॉर्टेन्सन हे व्हिबोर्ग गावात शिकवत. १८९० मध्ये त्यांनी जस्ताच्या कड्या करून पाहिल्या, पण त्या पक्ष्याला जड होत. मग त्यांनी ॲल्युमिनियम घेतलं. १८९९ साली १६५ स्टार्लिंगांच्या पायांत त्यांनी क्रमांक आणि पत्ता असलेल्या कड्या घातल्या. त्या आधी कुणी पक्ष्यांवर खुणा केल्या नव्हत्या असं नाही, पण क्रमांकामुळे प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येऊ लागला आणि पत्त्यामुळे तो ज्याच्या हाती लागेल त्याला कुठं कळवायचं ते समजू लागलं. पुढच्या दहा वर्षांत ही पद्धत युरोपच्या किनाऱ्यांवर पसरली. बाल्टिक समुद्राकाठच्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर रोसिटन इथं जर्मनांनी केंद्र काढलं. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर तर हाइनरिश गेटके नावाच्या चित्रकारानं अर्धं शतक नुसत्या नजरेनं पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. तिथंही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्यांचं काम सुरू झालं. अशी केंद्रं किनाऱ्यावरच का, याचं कारण साधं आहे. लांबचा पल्ला मारणारा पक्षी जमीन संपते तिथं थबकतो, आणि समुद्र ओलांडून आलेला पहिली जमीन दिसताच उतरतो.

आपल्याकडे पहिला मान धार संस्थानाचा, म्हणजे माळव्यातल्या पवारांचा. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासून मुंबईत काम करत होती. तिच्या आश्रयाखाली १९२६ मध्ये धारच्या महाराजांनी पक्ष्यांना, मुख्यतः बदकांना, कड्या घालायला सुरुवात केली. कडीवर इंग्रजीत मजकूर असे: बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. एवढ्या एका ओळीवर सगळा भरवसा. दूर उत्तरेत एखाद्या शिकाऱ्यानं बदक टिपावं, कडी काढून निरखावी, कुणाकडून तरी ती वाचून घ्यावी आणि मुंबईला पत्र धाडावं, तेव्हा कुठं नकाशावर एक रेघ उमटायची. कडी घातलेल्या लहान पक्ष्यांपैकी शंभरात एकाचीही खबर येईल याची खात्री नसते. हंस हिमालयापलीकडे मानसरोवराला जातात, असं आपले कवी फार पूर्वीपासून सांगत आले. पट्टकादंब हंस खरोखरच तिबेटच्या पठारावर वीण करतात, तेव्हा कवींचं फारसं चुकलं नव्हतं.

सालिम अलींनी हे काम युरोपात पाहिलं. १९२९-३० मध्ये ते बर्लिनला जर्मन पक्षीतज्ज्ञ एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले आणि तिथून हेल्गोलँडवर जाऊन कड्या घालण्याचा अनुभव घेऊन आले. परतल्यावर हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर राहून त्यांनी सुगरणींचा अभ्यास केला. आज तो अभ्यास जगभर माहीत आहे. देशभर कड्या घालायचं स्वप्न मात्र पैशांअभावी पुढची तीस वर्षं तसंच राहिलं.

पैसे आले ते एका रोगामुळे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि मागोमाग माणसं तापानं फणफणू लागली. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्याच्या सत्तरीत अलीकडच्या वर्षांत ज्याला लोक माकडताप म्हणू लागले, तोच हा आजार. त्याचा विषाणू रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग शंका आली, की सैबेरियातून येणारे पक्षी पिसांत गोचीड घेऊन येतात आणि गोचिडांबरोबर रोगही येतो. ही शंका तपासायची तर पक्षी हजारोंच्या संख्येनं पकडायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेनं सोसायटीला निधी दिला, स्वित्झर्लंडचे पक्षीतज्ज्ञ आल्फ्रेड शिफर्ली शिकवायला आले आणि कच्छपासून शिबिरं सुरू झाली. पक्षी जाळ्यात यायचा, अंगावरचे गोचीड चिमट्यानं काढून कुपीत जायचे, पायात कडी पडायची आणि पक्षी मोकळा व्हायचा. दूरच्या पक्ष्यांनी हा रोग आणला असं सिद्ध झालं नाही. तो इथल्याच जंगलात, इथल्याच गोचिडांत आणि लहान सस्तन प्राण्यांत दडलेला होता. पक्ष्यांवरचा आरोप टिकला नाही, पण त्या आरोपापायी भारतात कड्यांचं काम उभं राहिलं.

पुढचा निधी आशियाभर पसरलेल्या एका मोठ्या प्रकल्पातून आला. स्थलांतर करणारे प्राणी आणि रोग यांचा तो अभ्यास होता आणि त्यामागचा पैसा अमेरिकी लष्कराचा. शीतयुद्धाच्या काळात पक्षी, विषाणू आणि लष्कर हे तीन शब्द एकत्र आल्यावर संशय पिकणारच. जैविक युद्धाची तयारी चालली आहे की काय, असे प्रश्न वर्तमानपत्रांत आणि संसदेत विचारले गेले. परदेशी मदतीच्या संशोधन प्रकल्पांची छाननी करणाऱ्या लोकलेखा समितीच्या १९७५ च्या अहवालात पक्ष्यांचा हा अभ्यासही आला. माझ्या मते प्रश्न विचारणं योग्यच होतं. एवढंच वाटतं, की आपल्याच तिजोरीतून आधी पुरेसे पैसे मिळाले असते तर ही वेळ आली नसती.

या सगळ्या काळात किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं विद्यापीठ ठरलं ते तमिळनाडूतलं कोडिकरै. इंग्रजांनी त्याला पॉइंट कॅलिमेर म्हटलं. नागपट्टिनम जिल्ह्यात जमिनीचा कोपरा समुद्रात घुसतो, पलीकडे श्रीलंका, मागे वेदारण्यमची खारी दलदल आणि मिठागरं. १९६७ मध्ये ते अभयारण्य झालं. छोटे टिलवे, बाकदार चोचीच्या तुतारी, चिखले असे मुठीत मावणारे पक्षी दूर उत्तरेतून येतात आणि या दलदलीत उतरतात. १९८० च्या दशकात सोसायटीनं इथं वर्षानुवर्षं ठाण मांडून काम केलं. आज पक्षीशास्त्रात ज्यांचं नाव आदरानं घेतलं जातं, त्यांतल्या अनेकांनी कडी कशी घालायची ते इथल्या चिखलात उभं राहून शिकलं.

त्यांना पक्षी पकडून देणारे हात मात्र बिहारच्या मीरशिकारींचे होते. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणं हा या लोकांचा धंदा. घोड्याच्या केसांचे फासे, बांबूच्या काड्या, दोरी ओढताच दोन बाजूंनी मिटणारं जाळं आणि पक्ष्याला हळूहळू वळवत फाशाकडे नेणारी चाल, ही त्यांची विद्या. जपानी पद्धतीची बारीक, डोळ्यांना न दिसणारी जाळी तिवरांत आणि झुडपांत उत्तम चालते, पण उघड्या चिखलावर वारा सुटला की ती फुगते आणि पक्षी तिला टाळतात. तिथं मीरशिकारीच लागतो. अली हुसेन यांचं नाव या क्षेत्रात सगळे जाणतात. पकडलेल्या पक्ष्याचं एक पीसही मोडू न देणारी त्यांची बोटं होती. शास्त्रीय अहवालांत अशा माणसांना आभाराची एखादी ओळ मिळते, आणि मला ते नेहमी अपुरं वाटतं. त्यांच्या हातांशिवाय कड्या डब्यातच राहिल्या असत्या.

आता पुन्हा ठाण्याच्या खाडीकडे. मुंबईत रोहित मोठ्या संख्येनं दिसू लागले ते १९९४ च्या सुमारास, शिवडीच्या चिखलावर. यातले बहुसंख्य धाकटे रोहित. त्यांचं खाणं म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, आणि पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर हे शेवाळ फोफावतं. गाळ साचून चिखलाची मैदानं रुंदावली, तिवरं पसरली. आपल्या घाणीवर हे सौंदर्य पोसलं गेलं, हे मान्य करताना मन खट्टू होतं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून थवे येऊ लागतात, उन्हाळ्यात संख्या चढते आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक पक्षी जातात. काही पोरवयाचे पक्षी मागे राहतात. अजून वीण करायचं वय नसलेल्या पक्ष्यानं लांबचा प्रवास टाळणं, हे चिखलातल्या इतर पक्ष्यांतही दिसतं. म्हणून जूनमध्येही खाडी अगदी रिकामी नसते.

जातात ते कच्छकडे, असं सगळे मानत आले. कच्छच्या मोठ्या रणातली रोहितांची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून माहीत होती. १९४५ मध्ये सालिम अलींनी तिथं एक लाखाहून जास्त घरटी मोजली. पण ती वसाहत मुख्यतः थोरल्या रोहितांची. शिवडी किंवा ऐरोलीतला अमुक पक्षी तमुक ठिकाणी गेला, हे दाखवणारा पुरावा हवा होता. मधल्या काळात खाडीला संरक्षणाचं कवच मिळालं. २०१५ मध्ये १,६९० हेक्टरांचं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. शिवडी ते न्हावाशेवा सागरी पुलाचं काम सुरू झाल्यावर सोसायटीकडे खाडीच्या दीर्घ अभ्यासाची जबाबदारी आली. टिलवे, तुतारी, चिखले यांच्या पायांत कड्या आणि रंगीत पताका पडू लागल्या.

२०२२ मध्ये सहा रोहितांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारी जीपीएस यंत्रं बसवली गेली. तीन धाकटे, तीन थोरले. त्यांना नावंही दिली: सालिम, हुमायून, खेंगारजी, मॅककॅन, लेस्टर आणि नवी मुंबई. खेंगारजी हे कच्छचे राव, त्यांच्याच काळात रणातली वसाहत उजेडात आली. हुमायून हे नाव हुमायून अब्दुलालींवरून, सोसायटीचे खंदे कार्यकर्ते आणि पक्षीतज्ज्ञ. यांतला हुमायून गुजरातेत गेला, भावनगरच्या बाजूला राहिला आणि पावसाळ्यानंतर परत ठाण्याच्या खाडीत आला. ही बातमी वाचली तेव्हा मला धारच्या त्या पहिल्या कड्या आठवल्या. त्यांच्या उत्तराची वाट पत्रावर, शिकाऱ्यावर आणि नशिबावर अवलंबून होती. हुमायूनचं उत्तर त्याच्या पाठीवरूनच येत होतं.

अशा उत्तरांची गरज किती होती, ते २०२४ च्या उन्हाळ्यात कळलं. २० मेच्या रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. सकाळी गल्ल्यांतून गुलाबी पिसं आणि तुटलेली शरीरं गोळा करावी लागली. भरतीला चिखल बुडाला की हे पक्षी आसऱ्याला नवी मुंबईच्या पाणथळींकडे जातात. त्याच उन्हाळ्यात नेरूळच्या एका तलावात भरतीचं पाणी अडल्यानं रोहित मेले, त्यावरून रहिवाशांनी आवाज उठवला. अभयारण्याची हद्द कागदावर खाडीपुरती आखली, पण पक्ष्याचा दिवस तेवढ्यात मावत नाही. भरतीला कुठं, ओहोटीला कुठं, रात्री कुठल्या उंचीवरून, हे कळलं तर आसऱ्याच्या जागा राखण्यासाठी हातात काहीतरी ठोस असेल.

या उन्हाळ्यात बोटीतून किंवा भांडुपच्या बांधावरून एखाद्या पक्ष्याच्या पायात धातूची कडी किंवा रंगीत पताका दिसली, तर जवळ जाण्याचा मोह टाळा, पक्षी उडेल. दोन्ही पायांचे फोटो काढा. पताकेचा रंग, तिच्यावरची अक्षरं, ती गुडघ्याच्या वर आहे की खाली, उजव्या पायात की डाव्या, ते लगेच टिपून ठेवा. तारीख, वेळ, जागा आणि भरती होती की ओहोटी, हेही लिहा आणि सोसायटीला कळवा. मेलेला पक्षी सापडला, तर त्याला हात न लावता कडीवरचा क्रमांक वाचता आला तर वाचा आणि वनविभागाला फोन करा.