जुन्या बंगल्याचं बाहेरचं रूप बदलताना

आम्ही जुन्या बंगल्यांची बाहेरून दुरुस्ती आणि रंगकाम करतो. आमच्याकडे येणारे बरेच जण मोबाईलवर एक फोटो घेऊन येतात. पांढरी-करडी चौकोनी पेटी, मधे लाकडासारखी दिसणारी उभी पट्टी, वर काचेचा कठडा. "आमचं घर असं करून द्या." घर असतं पुण्यात सहकारनगर, कोथरूड नाहीतर बिबवेवाडीतलं, १९७० ते ८५ च्या दरम्यान बांधलेलं. खिडक्यांवर रुंद छज्जे, जिन्यापाशी सिमेंटची जाळी, पुढे ओटा, फाटकावर लोखंडी पट्ट्यांचा उगवता सूर्य. ते घर फोटोसारखं होतं का? होतं. करावं का? बहुतेकदा नाही. असं का म्हणतो ते या पत्रकात लिहिलं आहे, म्हणजे पाहणीला आल्यावर वाद कमी होतील.

आधी काय काढायचं ते ठरवू

पहिल्या भेटीत आम्ही ग्राहकाला फाटकाबाहेर नेऊन रस्त्याच्या पलीकडे उभं करतो आणि विचारतो, घर बांधलं तेव्हा यातलं काय नव्हतं? एका काकांबरोबर मोजलं तर अकरा वस्तू निघाल्या. कधीच विकून टाकलेल्या कूलरचा स्टँड, बंद पडलेली छत्री अँटेना, तीन वेगवेगळ्या केबलवाल्यांच्या वायरी, वरच्या खिडकीला बाहेर काढलेला लोखंडी पिंजरा, पोर्चवरचा हिरवा फायबरचा पत्रा, कपडे वाळत घालायचे दोन जादा अँगल, असं बरंच. काकू म्हणाल्या, "अहो, मी रोज त्याच फाटकातून जाते, मला कधी दिसलंच नाही." घर जुनाट दिसतं ते बऱ्याचदा या भरतीमुळे. मूळ आराखड्याचा त्यात फारसा दोष नसतो. त्या घरी आम्ही आधी फक्त वायरी एका पाइपात घेतल्या आणि पत्रा, पिंजरा, अँगल उतरवले. रंगाचा डबा उघडायच्या आतच शेजारी विचारायला आले होते.

छज्जा कापू नका

पेटीसारख्या नव्या दर्शनी भागात छज्जा बसत नाही, म्हणून तो कापायची मागणी येते. आम्ही नाही म्हणतो. आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो आणि पश्चिमेची भिंत तो सलग झोडपतो. छज्जा भिंतीवरचं आणि खिडकीच्या चौकटीवरचं पाणी बाहेर टाकतो, उन्हाळ्यात ऊन अडवतो. तो काढला की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून आत ओल उतरते आणि मग आतला रंगही दर वर्षी काढावा लागतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून एक खाच असते. जुन्या घरात ती रंगाच्या थरांनी भरून गेलेली असते. ती मोकळी करायला एक माणूस आणि एक दिवस पुरतो. या कामाचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही.

जाळीचंही तसंच. हल्ली नव्या हॉटेलांत तीच जाळी मुद्दाम लावतात. तुमच्याकडे ती आधीपासून आहे, फुटलेले चारपाच तुकडे बदलले की झालं.

हातोडी काय सांगते

रंगाच्या आधी सगळ्या भिंती छोट्या हातोडीने ठोकून पाहायच्या. टणक आवाज आला तर प्लास्टर विटेला धरून आहे. बद्द आवाज आला तर ते सुटलंय, तिथे आम्ही खडूने गोल काढतो. गोल जास्त दिसले की ग्राहकाचा चेहरा उतरतो, पण त्यात बांधणाऱ्याची लबाडी असतेच असं नाही. सिमेंटवरचं नियंत्रण १९८२ मध्ये थोडं उठलं. त्याआधी सिमेंट परमिटवर मिळायचं आणि मिळेल तेवढ्यात भागवावं लागायचं, त्यामुळे काही घरांत माल हलका आहे. सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत काढून नवं करावंच लागतं. त्यावर नुसता रंग मारला तर पापुद्रा प्लास्टरसकट खाली येतो.

छज्ज्याच्या आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला तांबूस डाग असतील तर ते जास्त गंभीर आहे. आत पाणी आणि हवा शिरून सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून ते काँक्रीटला आतून ढकलतं. आधी बारीक रेघ, मग फुगवटा, मग एक दिवस खपली अंगणात. वरून सिमेंट थापून ते थांबत नाही. सैल काँक्रीट काढायचं, सळई तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करायची, गंजरोधक लेप द्यायचा, मग पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायचं. सळई फारच झिजली असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतो, त्याची फी तुम्ही थेट त्यांना द्यायची.

जमिनीलगत ओल असेल तर आधी बाहेर बघा. बागेची माती जोत्याच्या वर चढली आहे का? डांबराचे थर पडत पडत रस्ता वर आला आणि अंगण खाली गेलं, असं पुण्यात गल्लोगल्ली झालंय. पाणी घराकडे येत असेल तर आधी उतार सुधारायचा. रंग त्यानंतर.

रंग

शेडकार्डवरून रंग ठरवू नका. बोटभर चौकोनात जो सौम्य वाटतो तो दोन मजली भिंतीवर अंगावर येतो. आम्ही भिंतीवर तीन फूट बाय तीन फुटांचे नमुने लावतो. सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी बघा, निदान दोन दिवस. गडद रंग दक्षिण-पश्चिमेला लवकर फिका पडतो आणि भिंतही जास्त तापवतो. आमची आवड विचाराल तर भिंत फिकी, जोत्याला काळसर पट्टा आणि छज्ज्याची कड वेगळी. याने सत्तरच्या दशकातल्या घराचे आडवे पट्टे उठून दिसतात.

भिंतीवर जुना सिमेंट रंग असेल आणि हात फिरवल्यावर तळव्याला भुकटी लागत असेल, तर ती पूर्ण घासून, धुऊन, वाळवून, प्रायमर देऊनच नवा रंग. ही पायरी गाळणारा माणूस नक्कीच स्वस्त पडतो. नवं प्लास्टर असेल तर पाणी मारून झाल्यावर सुमारे चार आठवडे थांबतो. आमचीच चूक सांगतो: एकदा गृहप्रवेशाच्या तारखेसाठी, जूनच्या तोंडावर उत्तरेच्या ओलसर भिंतीवर आम्ही रंग उरकला. श्रावणात तिला फोड आले. भिंत स्वखर्चाने पुन्हा केली. तेव्हापासून बाहेरचा रंग दिवाळीनंतर ते मेअखेर, एवढ्यातच घेतो.

दगड, टाइल, पॅनल

थोडा काळा दगड, ओट्याला किंवा दाराच्या एका बाजूला, या घरांना शोभतो. तो आपल्या मातीतलाच. वरच्या मजल्यावर जड दगड नुसत्या चिकटद्रव्यावर लावत नाही, दगड भिंतीला धरून ठेवणारे धातूचे क्लँप लागतात. अॅल्युमिनियमचे पत्रे मात्र आम्ही लावत नाही. घर दुकानासारखं दिसतं, मागे पाणी साचलं तर कळत नाही, आणि प्लास्टिकचा गाभा असलेले पत्रे पेट घेतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसं गेली, त्या आगीत हेच पत्रे होते.

भिंत फोडायची असेल तर

यातल्या बऱ्याच बंगल्यांत कॉलम नाहीत, नऊ इंची भिंतीच स्लॅब पेलतात. मोठी काच बसवायला खिडकी रुंद करणं म्हणजे भार पेलणारी भिंत कापणं. इंजिनिअरच्या कागदाशिवाय करत नाही. बाल्कनी बंद करायला, मजला वाढवायला महापालिकेची परवानगी लागते. अंगणातला आंबा आड येतो म्हणून तोडा, असंही सांगू नका. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार स्वतःच्या आवारातल्या झाडालाही परवानगी लागते. आणि खरं तर घराला शोभा त्याचीच असते.

हिशोब

तीस बाय पस्तीस फुटांच्या घराचा घेर १३० फूट, कठड्यासकट उंची २४ फूट धरली तर ३,१२० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा करून मोजायचं की न करता, हे सगळ्यांकडून एकाच पद्धतीने विचारा, नाहीतर दोन दरांची तुलनाच होत नाही. आमच्या दरपत्रकात दुरुस्ती, परांची, रंग आणि राडारोडा उचलणं वेगवेगळं लिहिलेलं असतं. दुरुस्तीचा आकडा ठोकून पाहिल्याशिवाय फोनवर सांगत नाही.

पाहणीच्या दिवशी मूळ नकाशा असेल तर काढून ठेवा, आणि गच्चीच्या दाराची किल्लीही. निम्म्या घरांत ती आम्ही आल्यावर शोधायला घेतात.