मांसाचा मोठा तुकडा शिजतो कसा?

सणाच्या जेवणासाठी मांसाचा मोठा, अखंड तुकडा शिजवायचा ठरला की पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. उत्तरही ठरलेलं असतं: किलोला अमुक मिनिटं. ऐकायला सोयीचं असलं तरी हे उत्तर भौतिकशास्त्राला धरून नाही. उष्णता मांसाच्या पृष्ठभागावरून आत झिरपत जाते आणि मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट असेल तर वेळ साधारण चौपट. उलट, जाडी तीच ठेवून तुकडा दुप्पट लांब घेतला, तर वजन दुप्पट होऊनही वेळेत फारसा फरक पडत नाही.

स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राचे पहिले संचालक वोल्फगँग पानोफ्स्की यांनी टर्की भाजण्यासाठी यावरच बेतलेलं सूत्र मांडलं होतं. पक्ष्याचं वजन पौंडांत घ्यायचं, त्याचा दोन-तृतीयांश घात काढायचा (म्हणजे घनमूळ काढून त्याचा वर्ग करायचा) आणि त्याला १.५ ने भागायचं, की तास मिळतात. ८ पौंडांच्या (सुमारे ३.६ किलो) पक्ष्याला २ तास ४० मिनिटं लागतात, तर १६ पौंडांच्या पक्ष्याला सव्वाचार तासांच्या आसपास. म्हणजे वजन दुप्पट झालं तरी वेळ दीडपटीपेक्षा थोडाच जास्त. किलोच्या हिशेबाने चालणारा माणूस मोठा तुकडा हमखास जास्त शिजवतो, तो यामुळेच.

पण वेळेचा हिशेब पक्का झाला तरी खरा प्रश्न शिल्लकच राहतो. शिजवायचं म्हणजे नेमकं कुठवर? मला वाटतं, मांसाबद्दल कळून घेण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर ती ही: शिजणं ही एकच घटना नाही. वेगवेगळ्या तापमानाला वेगवेगळ्या गोष्टी घडतात, आणि त्यातल्या काही एकमेकींच्या विरुद्ध जातात.

कच्च्या स्नायूत सुमारे पाऊण भाग पाणी आणि जवळपास एक-पंचमांश प्रथिनं असतात. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन उलगडून घट्ट होऊ लागतं आणि मांसाचा कच्चा, लिबलिबीतपणा जातो. ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान स्नायूच्या तंतूंभोवतीची कोलॅजेन या चिवट प्रथिनाची आवरणं आक्रसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. तुकडा एकाएकी लहान दिसू लागतो आणि भांड्यात रस जमतो, तो याच टप्प्यावर. ७० अंशांच्या पुढेमागे अ‍ॅक्टिन हे तंतूंमधलं दुसरं प्रथिनही गोठतं आणि तंतू कोरडे, चिवट होतात. इथवरची गोष्ट नुकसानीचीच आहे. मात्र ज्या कोलॅजेनने पाणी पिळून काढलं, तेच ७० अंशांच्या वर पुरेसा वेळ राहिलं की विरघळून जिलेटिन होतं. या बदलाला तास लागतात. तापमान ८०-९० अंशांवर असेल तर तो बराच वेगाने होतो.

म्हणूनच निवडताना आधी विचार करावा तो त्या स्नायूने प्राण्याच्या आयुष्यात काय काम केलं याचा. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू फारसं ओझं वाहत नाही. त्यात कोलॅजेन कमी असतं, त्यामुळे तो ५५ ते ६५ अंशांच्या पट्ट्यात थांबवला तरच मऊ आणि रसदार राहतो. तिथून पुढे ढकलत नेलं तर तो सुकतच जातो, कारण विरघळून ओलावा देईल असं त्यात फारसं काही नसतं. खांदा, मान आणि पायाची नळी यांनी जन्मभर शरीर पेललेलं असतं. तिथे कोलॅजेन भरपूर, आणि प्राण्याचं वय वाढेल तसं त्याचे रेणू एकमेकांना अधिक घट्ट जखडले जातात. असा तुकडा ६५ अंशांवर चामड्यासारखा लागतो. तो ९० अंशांच्या आसपास दोन-तीन तास राहिला की काटा लावताच सुटतो. तंतू तेव्हाही कोरडेच असतात, पण त्यांच्यामध्ये जिलेटिन आणि वितळलेली चरबी भरलेली असते, म्हणून तोंडाला ते रसाळ लागतात. पहिला प्रकार वेळेवर थांबवावा लागतो, दुसऱ्याला धीराने पुढे न्यावं लागतं.

पाहुणे जास्त असतील तर माझं मत खांद्याच्या बाजूने आहे. पाठीचा तुकडा पाच-सात अंशांच्या चुकीने बिघडतो. खांदा मात्र जेवण अर्धा-पाऊण तास लांबलं तरी चालवून घेतो.

खरेदी करताना रंगावर फार विसंबू नये. मांसाचा लाल रंग रक्ताचा नसतो, तो स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिनचा असतो. ताज्या कापावर मांस जांभळट दिसतं, हवा लागली की काही मिनिटांत लालभडक होतं आणि पुढे हळूहळू तपकिरी पडतं. हवा काढून बंद केलेल्या पाकिटातलं जांभळट मांस ताजंच असू शकतं. उग्र वास आणि चिकट, बुळबुळीत पृष्ठभाग ही बिघाडाची जास्त भरवशाची खूण.

अख्खा पक्षी हा भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड पदार्थ. छातीचं मांस ६५ ते ७० अंशांपुढे कोरडं पडू लागतं, मांडीला मात्र ८० अंशांच्या आसपास नेल्याशिवाय तिच्यातलं कोलॅजेन सैलावत नाही. एकाच ओव्हनमध्ये, एकाच वेळी ही दोन तापमानं गाठायची असतात. त्यावरचा सरळ उपाय म्हणजे पाठीचा कणा कापून काढायचा आणि पक्षी पसरून सपाट करायचा. जाडी कमी होते, मांड्या उघड्या पडतात आणि उष्णता त्यांना आधी गाठते. दिसायला तो अख्ख्या पक्ष्याइतका दिमाखदार नसतो, पण चवीसाठी मी हा सौदा आनंदाने करेन.

मंद आचेचं महत्त्व विज्ञानाला बरंच आधी उमगलं होतं. तोफा कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेचा अभ्यास करणारे काउंट रम्फर्ड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बटाटे वाळवण्याच्या यंत्रात मेंढीचा खांदा ठेवून पाहिला. काही तासांनी तो कच्चाच वाटला म्हणून प्रयोग सोडून दिला आणि मांस रात्रभर तिथेच राहिलं. सकाळी ते अप्रतिम शिजलेलं निघालं. पुढे १९६९ साली ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्ती यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात हीच पद्धत पुन्हा करून दाखवली. २ किलोचा तुकडा ८० अंशांच्या ओव्हनमध्ये साडेआठ तास राहिला, तेव्हा आत आणि बाहेर तापमान जवळपास सारखंच, ७५ अंशांच्या आसपास होतं. तापलेल्या ओव्हनमध्ये असं होत नाही. मध्यभाग हव्या त्या तापमानाला पोचेपर्यंत बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर केव्हाच जास्त शिजून कोरडा पडलेला असतो.

मंद आचेवर एक गोष्ट गोंधळात टाकते. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कधी कधी काटा तासन्‌तास हलतच नाही. तापमापक बिघडलेला नसतो. पृष्ठभागावरून पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढीच ओव्हन देत असतो. तुकडा फॉइलमध्ये गुंडाळला की बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुन्हा चढू लागतो.

आधी मोठ्या आचेवर बाहेरून भाजलं की रस आत कोंडला जातो, हा समज जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे १८४७ पासून पसरला. तो खरा नाही. भाजलेल्या पृष्ठभागातून रस ठिबकतच राहतो, वजन करून पाहिलं की हे कळतं. तरीही बाहेरून भाजणं आवश्यकच आहे, पण चवीसाठी. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली जी अभिक्रिया लुई कामिय मायार यांनी १९१२ साली वर्णिली, ती १४० अंशांच्या पुढे वेगाने होते आणि तिच्यातूनच भाजलेल्या मांसाचा तो खमंग वास येतो. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणून तुकडा आधी कोरडा पुसून घ्यावा.

मीठ आदल्या दिवशी लावावं, एका किलोला साधारण १० ते १२ ग्रॅम. मसाल्यांचे आणि आंबट घटकांचे बहुतेक परिणाम वरच्या काही मिलिमीटरांपुरतेच राहतात, पण मीठ खरोखरच आत उतरतं. तिथे ते मायोसिनचा काही भाग विरघळवतं, त्यामुळे तंतू शिजताना कमी आक्रसतात आणि पाणी धरून ठेवतात. सुरुवातीला मीठ बाहेर ओढतं ते पाणी काही तासांत पुन्हा आत शोषलं जातं, हे फ्रिजमध्ये उघड्या ठेवलेल्या तुकड्याकडे पाहिलं तरी दिसतं: आधी घाम फुटल्यासारखे थेंब, मग ओलसर चकाकी, आणि सकाळी कोरडा, किंचित गडद पृष्ठभाग.

तापमापकाला मात्र पर्याय नाही. टोक सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकता खुपसावं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेनुसार अखंड तुकडा ६३ अंशांना पोचून वर ३ मिनिटं विसावलेला हवा, खिमा ७१ आणि कोंबडी, टर्की वगैरे ७४ अंश. खिम्याला जास्त तापमान लागतं, कारण अखंड स्नायूत जंतू प्रामुख्याने पृष्ठभागावर असतात आणि दळताना ते सगळीकडे पसरतात. कच्चा पक्षी नळाखाली धुऊ नये. जंतू मरत नाहीत, फक्त शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात.

आचेवरून उतरवल्यावरही मोठा तुकडा आतून काही अंश तापतच राहतो, म्हणून तो थोडा आधीच काढावा आणि वीसेक मिनिटं ठेवून मगच कापावा. कापताना तंतूंची दिशा पाहून त्यांना आडवी सुरी चालवावी. मग दातांना लांब तंतू तोडावे लागत नाहीत.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत उथळ भांड्यात काढून फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर त्याला एक शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो. शिजताना मायोग्लोबिनमधलं लोह मोकळं होतं आणि त्याच्या मदतीने चरबीचं ऑक्सिडीकरण होतं, त्याचा हा परिणाम. पक्ष्यांच्या मांसात असंतृप्त चरबी जास्त असल्याने तिथे तो अधिक जाणवतो. काप रश्श्यात बुडवून ठेवले तर हवा कमी लागते आणि हा वासही बराच कमी होतो.