पहिल्या ध्यानाचा उंबरठा कसा उंच झाला

बौद्ध साधनेतल्या पहिल्या ध्यानाला पाली सुत्ते, म्हणजे बुद्धाची प्रवचने, ‘सवितक्क सविचार’ म्हणतात: वितक्क आणि विचार यांसह असलेले. सगळा घोळ या दोन शब्दांत आहे. ‘विचार’ आपला रोजचा शब्द, म्हणून मराठी वाचक जास्तच फसतो. सुत्तांत हे दोन्ही वाणीचे संस्कार आहेत: आधी मनात येते, मग तोंडाने निघते. अभिधम्मात, म्हणजे नंतरच्या विश्लेषणग्रंथांत, अर्थ आकसला. वितक्क म्हणजे चित्त आलंबनावर, म्हणजे ध्यानाच्या विषयावर, नेऊन ठेवणे, विचार म्हणजे तिथे फिरवत राखणे. घंटेचा टोला आणि मागून घुमणारा नाद. दोन्ही एकेक करून सोडायचे म्हटल्यावर चार ध्यानांची पाच झाली.

५व्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात विशुद्धिमग्ग हा साधनेचा ग्रंथ रचला गेला आणि उंबरठा आणखी उंच झाला. त्यातले पृथ्वीकसिण म्हणजे नजर लावून ध्यान करायचे मातीचे मंडल: अरुणवर्णी मातीचे, एक वीत चार अंगुळे रुंद. बसायचे अडीच हातांवर. जवळ बसले तर मातीतले दोष दिसतात, लांब बसले तर मंडल स्पष्ट दिसत नाही. आसन उंच झाले तर मान वाकते, खाली गेले तर गुडघे दुखतात. मिटल्या डोळ्यांना मंडल तसेच दिसले की ते उग्गहनिमित्त (निमित्त म्हणजे मनात उमटलेली प्रतिमा). त्यातले डाग जाऊन ते ढगाआडून निघालेल्या चंद्रासारखे झळकले की पटिभागनिमित्त. मग उपचार, म्हणजे ध्यानाच्या दाराशी आलेली एकाग्रता, मग अप्पना, म्हणजे पूर्ण बुडालेली एकाग्रता. नवख्याने ध्यानात वारंवार शिरावे, पण ध्यानांगे, म्हणजे वितक्क, विचार, प्रीती असे ध्यानाचे घटक, फार तपासू नयेत. ती जाडीभरडी वाटू लागतात, पुढचे ध्यान साधत नाही आणि हातचेही जाते.

अशा अप्पनेत आवाज ऐकू येतो का? एका सुत्तात आवाजाला पहिल्या ध्यानाचा काटा म्हटले आहे. काटा बोचतो, म्हणजे ऐकू येते, असा एका पक्षाचा दावा होता. कथावत्थू या अभिधम्मातल्या वादग्रंथाने तो खोडला. पण सुत्तांतलाच उटण्याचा दृष्टान्त आम्हाला जास्त बोलका वाटतो: काशाच्या थाळीत पाणी शिंपडत उटणे मळावे, गोळा आतबाहेर भिजावा, थेंब गळू नये, तशी हीच काया प्रीतिसुखाने, म्हणजे ध्यानातल्या हर्षाने आणि सुखाने, भिजवायची. अर्थात ‘काया’ इथे नामकाया, म्हणजे शरीर नव्हे तर मनाचे घटक, असे म्हणणारेही आहेत.

२०व्या शतकात ब्रह्मदेशात गृहस्थांसाठी ‘खणिक समाधी’, म्हणजे क्षणाक्षणाची एकाग्रता, पुरेशी मानणारी विपश्यना पसरली. १९६९मध्ये तिची एक शाखा मुंबईत आली, १९७६पासून इगतपुरीत रुजली. तिथल्या दहा दिवसांत चौथ्या दिवशी आनापानावरून, म्हणजे श्वासावरच्या लक्षावरून, विपश्यनेकडे वळतात. अप्पना हे उद्दिष्टच नसते. ब्रह्मदेशातल्याच दुसऱ्या परंपरेने मात्र श्वासाच्या निमित्तावरून चारही ध्याने आधी, विपश्यना नंतर, असा क्रम पुन्हा लावला. पश्चिमेतल्या काही शिबिरांत निमित्ताची वाटही पाहत नाहीत. श्वास स्थिरावला की अंगातल्या सुखद संवेदनेवरच लक्ष ठेवतात, आणि प्रीती भरून आली की तेच पहिले ध्यान धरतात.