सातव्या दशांशावरचा पिरॅमिड

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडचा अक्षांश २९.९७९२४५८ अंश उत्तर. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आकडे तेच, क्रमही तोच. म्हणजे प्राचीन इजिप्तच्या लोकांना प्रकाशाचा वेग ठाऊक होता, किंवा आकाशातून कुणीतरी उतरून त्यांना तो सांगून गेलं! हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्या चित्रासह माझ्याकडे येतो. पूर्वी मी ‘योगायोग’ एवढंच उत्तर द्यायचो. आता जरा बसून बोलतो, कारण अक्षांश-रेखांशांबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका दाव्यात सुखाने नांदत आहेत.

आधी त्या सात दशांश स्थळांचा अर्थ लावू. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ९० अंश. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तो याच अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्यामुळे एका अंशात किती मीटर हे पाठ करायची गरजच नाही. एक कोटीला ९० ने भागलं की झालं, सुमारे १११ किलोमीटर. पुढे प्रत्येक दशांश स्थळाला दहाने भागत जायचं. पहिलं स्थळ ११ किलोमीटरचं, तिसरं १११ मीटरचं, पाचवं मीटरभराचं, सहावं वीतभरापेक्षा कमी, आणि सातवं जेमतेम बोटाच्या नखाएवढं. नकाशाच्या ॲपमधून आकडे कॉपी केले तर कधी कधी चौदा स्थळंही मिळतात. चौदावं स्थळ म्हणजे एक नॅनोमीटर, मोजून काही अणू! तो संगणकाचा आकडे लिहिण्याचा गुण, मोजणाऱ्याचा नव्हे.

(हा हिशेब अक्षांशाचा. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींच्या जवळ येत जातात, म्हणून तिथे अंतराला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. ६० अंशांवर तेच दशांश स्थळ निम्म्या अंतराचं होतं.)

आता पिरॅमिड. त्याच्या पायाची एक बाजू सुमारे २३० मीटर आहे. सातव्या स्थळापर्यंत लिहिलेले अक्षांश एवढ्या जागेत वीस हजारांहून जास्त बसतात. प्रकाशाच्या वेगाशी जुळणारा अक्षांश त्यांपैकी एक, आणि ती रेषा पिरॅमिडमधून जाते हे खरंच आहे. पण मग खरा योगायोग पहिल्या चार-पाच आकड्यांपुरताच. उरलेले सांगणाऱ्याने आपल्या सोयीने उचललेले आहेत. मीटर पिरॅमिडनंतर चार हजारांहून अधिक वर्षांनी जन्मला, ही गोष्ट तर वेगळीच.

बारीक आकडा आणि बरोबर आकडा या दोन गोष्टी आहेत. मोबाइलमधला जीपीएस सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश किती वेळात पोचले ते पाहून अंतर काढतो. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा नॅनोसेकंदांची गफलत झाली की तीन मीटर गेले. वाटेत वातावरणाचा विद्युतभारित थर संदेशाला रेंगाळायला लावतो आणि उंच इमारती त्याला भिंतीवरून उडवून लांबच्या वाटेने पाठवतात. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण पाच मीटरच्या वर्तुळात बरोबर असतो. २००० सालापर्यंत अमेरिकेचं सरकार नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं, तेव्हा हे वर्तुळ शंभर मीटरच्या घरात होतं. पडद्यावर स्थळं मात्र हवी तेवढी दिसतात. सर्वेक्षणाची महागडी यंत्रं सेंटिमीटरपर्यंत पोचतात, पण त्यासाठी जवळपास दुसरं यंत्र माहीत असलेल्या जागी उभं करून चुका वजा कराव्या लागतात.

इथवर सरळ आहे. मला खरी मजा वाटते ती पुढच्या प्रश्नाची: मोजलं ते कशापासून?

लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत शून्य रेखांशाची पट्टी जमिनीत बसवलेली आहे. लोक तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढतात. त्यातल्या एखाद्याने फोन उघडला तर शून्य दिसत नाही, पश्चिमेला ५.३ विकला असा आकडा येतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). फोनचं शून्य हवं असेल तर पूर्वेला १०२ मीटर चालत जावं लागतं. ही चूक कोणाची? कोणाचीच नाही.

जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने ही रेषा १८५१ पासून वापरात आणली आणि १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत ती जगाची झाली. ताऱ्यांचा याम्योत्तर, म्हणजे आकाशातली डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडण्याचा क्षण टिपायचा तर दुर्बीण काटेकोर उभ्या प्रतलात फिरायला हवी. ‘उभं’ ठरवायला एअरींच्या दुर्बिणीखाली पाऱ्याचं भांडं होतं. स्थिर पाऱ्याचा पृष्ठभाग गुरुत्वाकर्षणाला काटकोनात राहतो. गवंड्याचा ओळंबा जे सांगतो तेच पाराही सांगतो.

पण ओळंबा पृथ्वीच्या केंद्राकडे बघत नाही! पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्यामुळे तो केंद्राला थोडा चुकतो, ते गणितात आधीच धरलेलं असतं. धरलेली नसते ती दुसरी गोष्ट. जमिनीखाली कुठे जड खडक, कुठे हलका, कुठे बाजूला डोंगर. ज्या बाजूला वस्तुमान जास्त तिकडे ओळंबा किंचित ओढला जातो. ग्रिनिचला पूर्व-पश्चिम दिशेतली ही तिरपाई सुमारे ३.३ विकला आहे. एक मीटर दोरीच्या टोकाशी ती केसाच्या जाडीपेक्षाही कमी भरते. त्यामुळे एअरींच्या दुर्बिणीचं प्रतल खाली वाढवत नेलं तर ते पृथ्वीच्या अक्षातून जातच नाही, त्याच्या बाजूने निघून जातं.

उपग्रहांना खडकांची ही स्थानिक खोडी भोवत नाही. ते पृथ्वीच्या केंद्राभोवतीच फिरतात, म्हणून त्यांच्या चौकटीत, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या व्यवस्थेत, प्रत्येक रेखांशाचं प्रतल केंद्रातून जायलाच हवं. १९८४ मध्ये नवी चौकट स्वीकारताना आणखी एक अट पाळावी लागली: ताऱ्यांवरून मोजलेली वेळ तुटता कामा नये. म्हणजे प्रतलाची दिशा तीच ठेवायची, पण ते केंद्रातून न्यायचं. एकच उपाय उरला. प्रतल स्वतःला समांतर सरकवायचं. ते सरकलं, आणि जमिनीवर १०२ मीटर पूर्वेला निघालं. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर एक पुस्तक टेबलावर उभं धरा आणि न वळवता बाजूला सरकवा. दिशा तीच राहते, जागा बदलते.)

पिरॅमिड बांधणाऱ्यांनी ताऱ्यांवरून अक्षांश मोजला असता तर तोही ओळंब्याचाच अक्षांश असता. ओळंब्याचा आणि उपग्रहांचा अक्षांश यांत काही विकलांचा फरक पडणं ही जगभर नेहमीची गोष्ट आहे, आणि एक विकला म्हणजे ३१ मीटर. सातवं स्थळ तिथे कधीच वाहून गेलं.

त्यात जमीनही स्वस्थ बसत नाही. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. तिथले १९९४ चे अधिकृत अक्षांश-रेखांश २०२० पर्यंत १.८ मीटरनी मागे पडले होते, म्हणून सगळी चौकटच नवी करावी लागली. आफ्रिकेचा पट्ट पिरॅमिडला घेऊन वर्षाला दोन-अडीच सेंटिमीटर ईशान्येकडे निघाला आहे. अक्षांशाचा सातवा आकडा दर वर्षी बदलतो आहे. तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला, तर कोणत्या वर्षी?

मग लिहायचे किती आकडे? फोनवरून घेतलेल्या जागेसाठी पाच पुष्कळ झाले, त्यापुढचे गोंगाट. मात्र कमी आकडेही फसवतात. इंटरनेटच्या पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या एका कंपनीला बऱ्याच पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढंच माहीत होतं. तिने देशाच्या मध्याजवळचा सोयीचा, पूर्ण अंशांचा बिंदू घेतला: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. ‘कुठेतरी’ हा शब्द मागे पडला आणि पुढच्या प्रत्येक संगणकाने तो ३८.००००००० असा वाचला. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतघराच्या अंगणात होता. ६० कोटींहून अधिक पत्ते त्या अंगणात येऊन पडले, आणि चोरीला गेलेले संगणक, हरवलेली माणसं, फसवणूक करणारे टोळभैरव शोधत पोलीस वर्षानुवर्षं त्या दारात उभे राहिले. २०१६ साली हे उघडकीस आलं, तेव्हा कंपनीने बिंदू हलवला. आता तो एका तलावाच्या मधोमध आहे.