बेंबीच्या हर्नियाची जाळी आली कुठून

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या बेंबीच्या हर्नियाचं, म्हणजे बेंबीपाशी पोटाच्या भिंतीला भोक पडून आतला भाग बाहेर फुगतो त्याचं, ऑपरेशन दोनदा झालं, पहिल्यांदा नुसते टाके घातले होते, ते काही वर्षांत परत फुगलं, खोकली की लिंबाएवढं बाहेर यायचं आणि आडवी झाली की आत. दुसऱ्या वेळेस दुर्बिणीतून जाळी बसवायची ठरली, तेव्हा सर्जननी सॅम्पलचा तुकडा हातात दिला, एका बाजूने मच्छरदाणीसारखा आणि दुसऱ्या बाजूने एकदम गुळगुळीत. तेव्हापासून मी हे सगळं वाचत बसलोय.

लहान बाळाची बेंबी फुगली की आपल्याकडे अजूनही नाणं बांधतात. त्याचा काही उपयोग नसतो, बहुतेक बाळांचं ते भोक आपोआप बुजतं. मोठ्या माणसाचं नाही बुजत. १९०१ मध्ये अमेरिकेच्या विल्यम मेयो यांनी बाराबंदीसारखा पोटाच्या पडद्याचा एक पदर दुसऱ्यावर चढवून शिवायची पद्धत छापली आणि ती कितीतरी दशकं चालली, पण अडचण तिथेच होती, भोक मोठं असेल तर कडा ओढून आणाव्या लागतात, टाक्यांवर ताण येतो आणि माणूस खोकला, ओझं उचललं की तो ताण वाढतो.

खरा बदल माझ्या मते जाळीने झाला, दुर्बिणीने नाही. पॉलिप्रोपिलीन हे प्लॅस्टिक १९५० च्या दशकात आलं आणि ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर यांनी पुढच्या काही वर्षांतच त्याची जाळी हर्नियासाठी वापरायला घेतली. भोक ओढून शिवायचं नाही, त्याला आधार द्यायचा, आपलं मांस जाळीच्या छिद्रांतून वाढतं आणि ती तिथेच धरून राहते. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात २०१८ ला छापलेल्या अभ्यासात १ ते ४ सेंमीच्या बेंबीच्या हर्नियाचे ३०० पेशंट होते, साधारण दोन वर्षांत टाकेवाल्यांपैकी १२ टक्क्यांना परत झाला, जाळीवाल्यांपैकी ४ टक्क्यांना. मावशीच्या वेळेस हे कोणी सांगितलं असतं तर एक भूल तरी वाचली असती, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुर्बीण आली पित्ताशयाच्या ऑपरेशनमुळे. ते जर्मनीत १९८५ ला झालं, आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे.त डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, बारीक भोकांतून कॅमेरा आणि हत्यारं घालायची, हा हात एकदा बसला की हर्नियाकडे वळणं ओघानेच आलं, अमेरिकेत कार्ल लेब्लांक यांनी १९९३ मध्ये पोटाच्या भिंतीच्या हर्नियाचे पहिले पेशंट छापले. पण आतून लावलेली जाळी थेट आतड्यासमोर येते, आणि साधी पॉलिप्रोपिलीन आतड्याला चिकटते, म्हणून त्यांनी वेगळं न चिकटणारं मटेरियल घेतलं. मावशीच्या सॅम्पलची गुळगुळीत बाजू त्यासाठीच होती, ती आतड्याकडे राहते.

सगळ्यांनाच दुर्बीण लागते असं मात्र नाहीये. युरोप-अमेरिकेच्या हर्निया संघटनांच्या २०२० च्या गाइडलाइनमध्ये १ ते ४ सेंमीला ओपन करूनच जाळी सुचवलीय, दुर्बीण मोठ्या भोकासाठी किंवा जखम चिघळायचा धोका जास्त असेल तर. मावशीचं भोक मोठं, वजन जास्त आणि वर शुगर, म्हणून तिला पोटाच्या डाव्या बाजूला तीन बारीक भोकं.